तिकीट मिळालं म्हणजे सुटलो? इंग्लंडमध्ये अडकलेल्या एका चिनी विद्यार्थ्याचं प्रकरण (२०२०)

उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात मी समुपदेशक म्हणून काम करते. हे प्रकरण करोनाच्या पहिल्या वर्षातलं आहे. विद्यार्थ्याच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि त्याला वांग म्हटलं आहे. हे आडनाव तिकडे आपल्याकडच्या पाटलांइतकं सर्रास आहे, त्यामुळे त्यावरून कोणाला माग लागायचा नाही.

पार्श्वभूमी

वांग तेवीस वर्षांचा, घरात एकुलता एक. हुबेई प्रांतातल्या एका मध्यम शहरातून सप्टेंबर २०१९मध्ये एक वर्षाच्या मास्टर्ससाठी आला. वर्षभराची फी आईवडिलांनी साठवणीतून भरली होती. आई शाळेत हिशेब सांभाळते, वडील एका कारखान्यात पर्यवेक्षक.

२३ जानेवारी २०२०ला वुहान बंद झालं, पाठोपाठ हुबेईतली बाकीची शहरं. दोन दिवसांनी चिनी नववर्ष होतं. वांगने ते लॅपटॉपसमोर साजरं केलं. घरचे दाराला कडी लावून बसलेले आणि हा इकडे त्यांच्यासाठी मास्क मिळवायला औषधांची दुकानं पालथी घालत होता. स्वतः मास्क लावून वर्गात जायचा. त्या वेळी इंग्लंडमध्ये मास्क हे आजारी माणसाचं लक्षण समजलं जाई. (बस-ट्रेनमध्ये मास्क सक्तीचा झाला तो १५ जूनला.) फेब्रुवारीत एकदा बसमध्ये शेजारचा माणूस उठून दुसरीकडे जाऊन बसला आणि उतरताना ‘तुमचा रोग तुमच्याकडेच ठेवा’ असं काहीसं बोलून गेला. वांगने हे मला चार महिन्यांनी सांगितलं, तेही ‘बसने जाणं का सोडलं’ असं विचारल्यावर.

मग सगळं उलटं झालं. २३ मार्चला ब्रिटनमध्ये लॉकडाऊन जाहीर झाला आणि ८ एप्रिलला वुहान उघडलं. दोन महिने हा आईवडिलांच्या काळजीने जागत होता, आता ते याच्या काळजीने जागू लागले. चिनी विद्यार्थ्यांत तेव्हा एक विनोद फिरत होता: मॅचचा पहिला हाफ चीन खेळला, दुसरा बाकीचं जग खेळतंय आणि परदेशातले विद्यार्थी पूर्ण मॅच खेळतायत. वांगने तो मला सांगितला तेव्हा हसला नाही.

परत जावं, तर तिकडे समाजमाध्यमांवर परतणाऱ्या विद्यार्थ्यांची टर उडवली जात होती. एक ओळ फार गाजली. तिचा आशय असा, की गाव उभारायला तू नव्हतास, हजार कोसांवरून विष आणून टाकायला मात्र पहिला. बसमधल्या माणसाचं बोलणं परक्याचं म्हणून सोडून देता येत होतं. ही ओळ त्याच्या शाळेतल्या मित्राने शेअर केली होती.

अडचण समोर आली ती पोटदुखी म्हणून

मे महिन्यात त्याच्या प्रबंधाच्या मार्गदर्शकाचा मला ईमेल आला. सकाळी अकराच्या तीन भेटी चुकल्या होत्या आणि उत्तर एकच: ‘सॉरी, पोट बिघडलं होतं.’ जीपीशी, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरशी, फोनवर दहा मिनिटं बोलणं झालं होतं आणि ॲसिडिटीची गोळी मिळाली होती.

पहिल्या व्हिडिओ कॉलवर वांग नीटनेटका दिसला. मागे पुस्तकांचं शेल्फ, त्यावर निळा कप, भिंतीवर विद्यापीठाचं बॅनर. झोप? ‘थोडी इकडेतिकडे.’ जेवण? ‘भात असतो.’ मूड? ‘ओके.’

आमच्याकडे पहिल्या भेटीआधी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची नैराश्याची प्रश्नावली भरून घेतात. सत्तावीसपैकी गुण असतात, दहाच्या पुढे गेलं की आम्ही सावध होतो. वांगचे गुण सात. नियमाप्रमाणे त्याला झोपेबद्दलचं एक माहितीपत्रक पाठवायचं आणि सहा आठवड्यांच्या प्रतीक्षायादीत टाकायचं. त्या आठवड्यात माझ्याकडे एकतीस नवी नावं होती. मी त्याला यादीत टाकणारच होते.

निर्णयाची पहिली जागा: सातवर विश्वास ठेवायचा का?

थांबले ती एका साध्या गोष्टीमुळे. सातही गुण तीनच प्रश्नांतून आले होते: झोप ३, थकवा २, भूक २. उदास वाटतं का, कशात रस वाटत नाही का, स्वतःबद्दल वाईट वाटतं का, सगळीकडे शून्य. शरीराचं सगळं बिघडलेलं आणि मनाचं काहीच नाही, असं क्वचितच असतं.

या बाबतीत एक जुनं काम आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक असतं. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९८०च्या सुमारास चीनच्या हुनान प्रांतात ‘शेनजिंग श्वायरुओ’ म्हणजे ‘नसांचा अशक्तपणा’ असं निदान झालेले शंभर रुग्ण तपासले. त्यांतले ८७ पाश्चात्त्य निकषांनुसार तीव्र नैराश्याचे निघाले. ते डॉक्टरकडे आले होते डोकेदुखी, निद्रानाश, चक्कर घेऊन. पण यावरून ‘चिनी लोकांना भावना बोलून दाखवता येत नाहीत’ असा सोपा निष्कर्ष काढणारे आमच्या खात्यात बरेच आहेत, तो मला पटत नाही. आपल्याकडे बाई ‘अंगात कणकण आहे, जीव लागत नाही’ म्हणते, तेव्हा ती काही लपवत नसते. ती नेमकं सांगत असते. ऐकणाऱ्याकडे त्या शब्दांचा रकाना नसतो, इतकंच.

मी त्याला प्रश्नावलीची चिनी आवृत्ती पाठवली. गुण आले अठरा. नवव्या प्रश्नावर, म्हणजे मरणाच्या विचारांबद्दलच्या प्रश्नावर, ‘काही दिवस’ला खूण होती.

नंतर त्याला विचारलं, इंग्रजी फॉर्मवर शून्य का लिहिलंस? म्हणाला, ‘इंग्रजीत तो शब्द वाचला की मला दुसऱ्या कोणाबद्दल विचारताहेत असं वाटतं.’

तीन तिकिटं

दुसऱ्या भेटीत मी त्याला लॅपटॉप उचलून खोली दाखवायची विनंती केली. हे मी एरवी करत नाही, आणि तो नको म्हणाला असता तर सोडून दिलं असतं. त्याने लॅपटॉप हळूच फिरवला. शेल्फचा तो कोपरा सोडून खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पलंगाशेजारी तांदळाची मोठी गोणी, जमिनीवर राइस कुकर. सामाईक स्वयंपाकघरात जायला त्याला भीती वाटायची, म्हणून मार्चपासून तो खोलीतच भात शिजवत होता. चिनी दूतावासाने विद्यार्थ्यांना वाटलेलं ‘आरोग्य पाकीट’ (मास्क, जंतुनाशक वाइप्स, लिआनहुआ छिंगवेन नावाच्या वनौषधी कॅप्सूल) न फोडता उशाशी ठेवलेलं. पडदे बंद. तो चीनच्या घड्याळावर जगत होता. उन्हाळ्यात फरक सात तासांचा, म्हणजे इथे रात्रीचे दोन वाजले की तिकडे सकाळचे नऊ. आई कामावर पोचली की तिचा कॉल यायचा. त्यासाठी तो कोपरा.

आणि टेबलाच्या कडेला चिकटवलेल्या तीन पिवळ्या चिठ्ठ्या: तीन विमानांचे क्रमांक, तेव्हा फक्त पहिल्यावर काट.

त्या वर्षीची विमानांची गोष्ट समजल्याशिवाय हे प्रकरण समजायचं नाही. मार्चअखेर चीनने ‘पाच एक’ म्हणून ओळखला जाणारा नियम आणला. प्रत्येक चिनी विमान कंपनीने एका देशासाठी एकच मार्ग ठेवायचा आणि त्यावर आठवड्याला एकच फेरी करायची. एप्रिलच्या सुरुवातीला चीनच्या परराष्ट्र खात्याने सांगितलेला आकडा होता, १४ लाखांहून अधिक चिनी विद्यार्थी अजून परदेशातच आहेत. विमानं मोजकी, म्हणून तिकिटांचे भाव कैकपट. वीचॅट या चिनी मेसेजिंग ॲपवर दलाल. ८ जूनपासून आणखी एक नियम आला, त्याला चिनीत जे म्हणतात त्याचं सरळ मराठी ‘फ्यूज उडणे’. एका फेरीतले पाच प्रवासी पॉझिटिव्ह निघाले तर तो मार्ग एक आठवडा बंद, दहा निघाले तर चार आठवडे.

वांगचं पहिलं तिकीट ‘पाच एक’मध्ये रद्द झालं. दुसरं जूनमधलं, प्रवासाला नऊ दिवस उरले असताना. दलालाकडे अडकलेली रक्कम आईच्या काही महिन्यांच्या पगाराएवढी होती. तिसरं जुलैअखेरचं. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पहिलं गेलेलं होतं आणि दुसरं जिवंत होतं.

आणि इथे माझी चूक झाली. मी त्याचा सगळा आलेख त्या दुसऱ्या तिकिटाला टांगला. ‘अजून पाच आठवडे काढायचे आहेत, ते कसे काढायचे ते बघू’ असं मीच म्हणाले. त्यालाही ते आवडलं, कारण त्यात आजार नव्हता, फक्त वाट बघणं होतं.

समोर असलेले पर्याय

मे अखेरीस मी, जीपी आणि विद्यापीठाची एक केस-मॅनेजर अशा तिघींनी बसून (अर्थात पडद्यावर) पर्याय मांडले.

आमच्याकडचं नेहमीचं समुपदेशन, आठवड्याला पन्नास मिनिटं, इंग्रजीतून. वांगचं इंग्रजी चांगलं होतं, पण ते प्रयोगशाळेचं इंग्रजी. दुसरा पर्याय बाहेरच्या मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी, बोलणाऱ्या थेरपिस्टचा. पैसे विद्यापीठाच्या अडचण निधीतून मिळू शकत होते, पण वांगला धास्ती होती की चिनी माणूस म्हणजे ओळखीतलं कोणीतरी निघणार. औषध हा तिसरा. अभ्यासक्रम स्थगित करणं कागदावर सोपं दिसतं. पण त्याने विद्यार्थी व्हिसाचा आधार जातो, आणि ज्याला देश सोडायला विमानच नाही त्याला ‘देश सोड’ म्हणणारी चिठ्ठी हातात पडते. तो आम्ही लगेच बाजूला ठेवला आणि प्रबंधाला मुदतवाढ मागितली.

आईवडिलांना कळवणं यावरच खरा वाद झाला. जीपी म्हणाली, कळवा. कायद्याने तो प्रौढ. जिवाला ठोस धोका असल्याशिवाय त्याच्या संमतीविना आम्ही घरी बोलू शकत नाही, आणि ‘काही दिवस’ ही खूण त्या पातळीची नाही, असं माझं मत. वांग तर ठाम होता. चिनीत एक वाक्प्रचार आहे, आनंद कळवावा, चिंता कळवू नये. मी त्याला म्हटलं, आमच्याकडे त्याला खुशाली कळवणं म्हणतात. मी स्वतः त्याच आठवड्यात नाशिकला आईला ‘इकडे मजेत आहे’ असं सांगितलं होतं, भारतात जाणारी विमानं बंद होती आणि मी रात्री झोपत नव्हते. हे त्याला सांगायला हवं होतं की नाही याबद्दल माझ्या पर्यवेक्षक बाईंचं आणि माझं आजही एकमत नाही.

काय केलं

पन्नास मिनिटांऐवजी आठवड्यातून तीनदा वीस मिनिटं ठेवली, दुपारी दोनला, म्हणजे रात्रभर जागून तो झोपेतून उठायचा तेव्हा. दर चार दिवसांनी ती अर्ध्या तासाने अलीकडे सरकवली. झोपेची वेळ मागे आणायला मला दुसरा मार्ग सुचला नाही. जीपीने सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध सुरू केलं. वांगने ते ‘पोटासाठी आणि झोपेसाठी’ म्हणून घेतलं आणि मी ती भाषा दुरुस्त केली नाही. वर्गातल्या एका मुलीबरोबर रोज नदीकाठाने अर्धा तास चालणं ठरलं, दोघांत दोन मीटर अंतर ठेवून.

जूनमध्ये दुसरं तिकीट गेलं. त्या रात्री त्याचा मेसेज आला: ‘उद्या उठलो नाही तरी कोणाचं काही अडणार नाही.’ मी तो सकाळी आठला वाचला आणि आठ वाजून दोन मिनिटांनी फोन केला. त्याने उचलला. सरळ विचारलं, मरायचा विचार करतो आहेस का, काही ठरवलं आहेस का? ठरवलेलं काही नव्हतं. बेत नाही, पण थकवा टोकाचा. त्याच दिवशी सुरक्षेचा आराखडा केला: कोणती लक्षणं दिसली की सावध व्हायचं, कोणाला फोन करायचा, रात्री दोन ते पाच कोण जागं असतं. या शेवटच्या प्रश्नावर तो म्हणाला, ‘आई.’

निर्णयाची दुसरी जागा: आईला कोण सांगणार?

तिथून वाट सापडली. आम्ही कळवायचं नाही, त्याने सांगायचं, मी कॉलवर फक्त हजर राहायचं. मँडरिन थेरपिस्टला तोवर त्याने होकार दिला होता (ती तैवानी निघाली, त्यामुळे ओळखीची भीती गेली). तिने त्याच्याबरोबर चार वाक्यं तयार केली. त्यांत नैराश्य हा शब्द नव्हता. झोप येत नाही, जेवण जात नाही, डॉक्टरांनी गोळी दिली आहे, मला भीती वाटते.

वांग बोलला. आई बराच वेळ गप्प होती. मग तिने काहीतरी विचारलं आणि वांग एकदम रडायला लागला. काय विचारलं ते त्याने मला नंतर सांगितलं: ‘तो निळा कप तीन आठवडे एकाच जागी आहे. मग तू चहा कशात पितोस?’

त्या दिवसानंतर कॉल कोपऱ्यातून व्हायचा बंद झाला. आई कॉलवर असताना तो खोली आवरायचा. वडिलांशी मात्र पोटाचंच बोलणं चाललं, आणि तसंच राहिलं.

निर्णयाची तिसरी जागा: पाठवायचं का?

जुलैच्या मध्यावर तिसरं तिकीट पक्कं दिसू लागलं. चिनी पीएचक्यू-९चे गुण बारावर आले होते. मी फाइल बंद करण्याच्या तयारीला लागले. घरी जातोय, आईला माहीत आहे, औषध चालू आहे. आमच्या सेवेचा विमा आणि नियम पाहता देशाबाहेर असलेल्या विद्यार्थ्यावर आम्ही उपचार करू शकत नव्हतो, त्यामुळे विमान उडालं की आमची जबाबदारी कागदोपत्री संपणार होती.

थेरपिस्टने फोनवर एकच विचारलं: ‘उतरल्यावर चौदा दिवस त्याच्यासोबत कोण आहे?’

कोणीच नव्हतं. चीनमध्ये उतरणाऱ्याला सरकारने नेमलेल्या हॉटेलात चौदा दिवस एकट्याने राहावं लागे. दार बंद, जेवण दाराबाहेर. महिन्याभरापूर्वी ‘उठलो नाही तरी’ असं लिहिलेल्या मुलाला, औषधाचा डोस नुकताच वाढवलेला असताना, आम्ही आनंदाने त्या खोलीकडे रवाना करणार होतो. त्याला तिथे नेणारी गोष्टही तीच, जिला आम्ही दोन महिने इलाज समजत होतो.

सगळं वांगसमोर मांडलं. जायचं तर अशी तयारी लागेल, थांबायचं तर असे फायदे-तोटे. त्याने दोन दिवस मागितले. मग त्याने स्वतःच ठरवलं की प्रबंध सप्टेंबरमध्ये देऊन मगच निघायचं. तिकीट पुढे ढकलायला पुन्हा पैसे गेले. आई म्हणाली, जाऊ देत. तिसरी चिठ्ठी त्याने काढून टाकली आणि त्या जागी प्रबंधाच्या प्रकरणांची यादी लावली. माझ्या मते तो या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोठा बदल होता. विमान न मिळाल्यामुळे अडकून पडणं आणि विमान असताना थांबणं यांत बाहेरून काही फरक दिसत नाही.

परिणाम

प्रबंध मुदतवाढीच्या आत दिला, उत्तीर्ण झाला. चिनी पीएचक्यू-९चे गुण आठवर आले. सप्टेंबरअखेर तो निघाला. सोबत सहा आठवड्यांचं औषध, जीपीचं दोन भाषांतलं पत्र, त्याच्या शहरातल्या रुग्णालयाच्या मनोविकार विभागाचा पत्ता आणि वुहानच्या सेंट्रल चायना नॉर्मल युनिव्हर्सिटीतून चालणाऱ्या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा नंबर. सकाळ-संध्याकाळ आईचा कॉल ठरलेला.

घरी पोचल्यावर तो मनोविकार विभागात गेला. काही महिन्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध थांबलं. शेजाऱ्यांना सांगितलं ते ‘शेनजिंग श्वायरुओ’, नसांचा अशक्तपणा. त्याने हे कळवलं तेव्हा मला क्लाइनमन यांचे ते शंभर रुग्ण आठवले.

काय वेगळं करता आलं असतं

मातृभाषेतला फॉर्म पहिल्याच दिवशी. याला काही खर्च नाही, आवृत्त्या तयार आहेत, आणि आता आम्ही तसंच करतो.

फेब्रुवारीत आम्ही झोपलो होतो. हुबेईतले किती विद्यार्थी आपल्याकडे आहेत याची यादी प्रवेश विभागाकडे होती. त्या वेळी त्यांना एकच ईमेल गेला, तोही प्रवासाचा इतिहास आणि विलगीकरणाबद्दल विचारणारा. ‘घरचे कसे आहेत’ असं कोणी विचारलं नाही. मास्कवरून होणाऱ्या त्रासाची तक्रार करायला सुरक्षा विभागाचा ऑनलाइन फॉर्म होता, तो वांगने उघडलाच नव्हता.

तिकिटाचं मी वर लिहिलं आहे. मे महिन्यातच ‘हे विमान गेलं तर?’ असं विचारलं असतं तर जूनची ती रात्र टळली असती असं मी म्हणणार नाही, पण तो तिला इतका उघडा सामोरा गेला नसता.

एका गोष्टीचा निकाल मला अजून लावता आलेला नाही. हॉटेलातल्या नवव्या दिवशी, रविवारी, त्याचा ईमेल आला. खिडकी उघडत नाही, भिंत जवळ येते आहे असं वाटतं, आई झोपली असेल. फाइल दहा दिवसांपूर्वी बंद झाली होती. नियम सांगत होता, उत्तर देऊ नये, स्वयंचलित संदेश जाऊ द्यावा. मी दोन ओळी लिहिल्या: हेल्पलाइनचा नंबर पाकिटातल्या पत्राच्या मागच्या बाजूला आहे. आणि आईला उठव. सोमवारी मी ते वरिष्ठांना कळवलं. त्यांनी नोंद केली आणि पुन्हा असं करू नकोस म्हणून बजावलं. त्याने आईला उठवलं होतं.